डोंगरउतारावरच्या छोट्या शेतीसाठी कोणती गाडी घ्यावी?

ओलीवाट:

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचतोय आणि गोंधळ वाढतच चाललाय. म्हणून सगळं मोजमापासकट मांडतो.

जमीन तीन एकरांच्या आसपास, सगळी उतारावर. घर खाली, लागवड वर. मधली वाट साधारण ३५० मीटर लांब, आणि तेवढ्यात ६० मीटर उंची चढायची. सगळ्यात खडा टप्पा ४० मीटरचा आहे. तिथे एक मीटरची फळी लेव्हल लावून आडवी धरली, तर खालच्या बाजूच्या टोकाखाली ३१ सेंटीमीटर अंतर भरलं. हा टप्पा संपतो तिथेच एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला बांध, मधे जेमतेम दीड मीटर जागा. पावसात तिथली माती साबणासारखी होते.

वर न्यायचं ते खत, पाण्याचे ड्रम आणि कुंपणाचे खांब. खाली आणायचा तो माल आणि लाकूड. एका खेपेला २५० किलो गेलं तरी भागेल. आज हे सगळं पाठीवर आणि हातगाडीवर चाललंय, आणि कंबर आता साथ देत नाही. गाडी मी चालवीन आणि माझे वडील, वय ६८. त्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलेला आहे, क्वाडवर (मोटरसायकलसारखी हँडलने चालवायची चार जाड टायरांची गाडी) ते कधी बसलेले नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी न्यायची नाही.

क्वाड आणि मागे ट्रेलर, साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीट आणि मागे हौदा असलेली छोटी गाडी), जुनी छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप, किंवा छोटा ट्रॅक्टर असे चार पर्याय डोळ्यांसमोर आहेत. माझा कल क्वाडकडे आहे, कारण त्या दीड मीटरच्या फटीतून ती सहज जाईल. कोणती गाडी किती चढ चढते हे कुणी अनुभवाने सांगितलं तर निवड करता येईल.

मातीपाय:

क्वाडच घ्या. माझ्याकडे सात वर्षं आहे, तुमच्यापेक्षा अरुंद वाटांवर रोज चालवतो. वजन ३०० किलोच्या आसपास, टायर मऊ, चिखलात रुतली तरी दोघांनी उचलून बाजूला ठेवता येते. कुंपण बघायला, गुरांमागे जायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मागच्या कॅरियरवर ६० ते ८० किलो ठेवता येतं, बाकीचं ट्रेलरमध्ये. ३१ टक्के चढ ती हसत चढेल.

उतारकरी:

ओलीवाट, तुम्ही फळी लावून चढ मोजलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण नुसतं 'खूप खडा आहे' म्हणतात आणि पुढे काही बोलताच येत नाही. ३१ टक्के म्हणजे साधारण १७ अंश.

पण तुमचा शेवटचा प्रश्न मी बदलून देतो. कोणती गाडी चढेल हे विचारू नका. तुम्ही लिहिलेल्या चारही गाड्या कोरड्या दिवशी तो टप्पा चढतील. भरलेली गाडी ओल्या मातीवरून खाली येताना कोणाच्या ताब्यात राहील, हे विचारा. चढताना पकड सुटली तर गाडी थांबते. उतरताना सुटली तर थांबत नाही.

मी क्वाड उलटवली आहे, म्हणून हे लिहितोय. वाट रोजची होती, अकरा वर्षांची ओळखीची. सकाळची वेळ, गवतावर दव, ट्रेलरमध्ये ओली लाकडं. उताराच्या मध्यावर ट्रेलरने मागून ढकलायला सुरुवात केली. मी ब्रेक दाबला, क्वाडची चाकं अडली आणि ती घसरतच राहिली. मागून ट्रेलर वळला, त्याने क्वाडला आडवं केलं आणि क्वाड खालच्या अंगाला कलंडली. माझा पाय तिच्याखाली. बायको शोधत येईपर्यंत मी तिथे पडून होतो. घोट्यात अजून धातूची पट्टी आहे. मी वेगात नव्हतो, माणूस चालतो त्या गतीने उतरत होतो.

बरा होत असताना मी कागदावर हिशेब मांडला. तोच तुमच्या आकड्यांवर करून देतो. १७ अंशांच्या उतारावर एकटी गाडी चारही चाकांच्या ब्रेकवर उभी राहायची तर टायर आणि जमीन यांच्यात घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, किमान ०.३१ लागतो. आता मागे ब्रेक नसलेला ट्रेलर जोडा. ट्रेलरचं स्वतःचं वजन १०० धरलं आणि माल २५०, तर ३५० किलो. क्वाड आणि चालवणारा मिळून ३८०. एकूण ७३० किलो उताराकडे ओढणार आणि त्याला धरून ठेवायला फक्त ३८० किलोखालचे टायर. लागणारा घर्षणांक ०.३१ वरून थेट ०.६० वर जातो. जवळजवळ दुप्पट. ओल्या मातीवर किंवा दवाच्या गवतावर एवढी पकड मागायची नाही. माझ्या इंजिनाची ताकद भरपूर होती, ब्रेकही नवे होते. त्यांचा इथे काही संबंधच नव्हता.

म्हणून माझं मत असं, की तुमच्या उतारावर माल गाडीच्याच चाकांवर बसला पाहिजे, मागे ओढला जाता कामा नये. ट्रेलर घ्यायचाच असेल तर ब्रेक असलेला घ्या, आणि त्या ४० मीटरवर अर्धाच भरा.

मातीपाय म्हणतात ते खोटं नाही. क्वाड चपळ आहे. पण ती चालवणाऱ्याच्या अंगावर तोल सांभाळते. चढावर पुढे झुकायचं, आडव्या उतारावर वरच्या अंगाला सरकायचं, आणि हे विचार न करता व्हायला हवं. अडुसष्टाव्या वर्षी, ट्रॅक्टरच्या सीटवर स्थिर बसायची सवय असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणं मला धोक्याचं वाटतं. क्वाडखाली माणसं चिरडतात हे इतक्यांदा घडलंय, की ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या कामाच्या क्वाडना चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली. तुम्ही तरीही क्वाड घेतलीत तर ती चौकट आणि हेल्मेट या दोन गोष्टींशिवाय घरी आणू नका.

मी आता साइड-बाय-साइड वापरतो. स्टिअरिंग, सीट, पट्टे, डोक्यावर लोखंडी चौकट, मागे उलटणारा हौदा. २५० किलो त्या हौद्यात बसतं, आणि ते वजन चाकांवर असल्यामुळे पकड वाढवतं.

लोगिअर:

उतारकरींशी सहमत, पण छोट्या जीपचीही बाजू मांडतो. लो रेंज असलेला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी गिअरपेटी, जिच्या लो रेंजमध्ये चाकं आणखी हळू फिरतात) म्हणजे उतारावरचा खरा ब्रेक. सुझुकी जिम्नीसारख्या छोट्या जीपमध्ये लो रेंज साधारण २:१ आहे, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला माणसाच्या चालीवर धरून ठेवतं आणि पाय ब्रेकवर ठेवावा लागत नाही. ब्रेकने चाक अडतं आणि घसरतं, इंजिनाने अडवलेलं चाक फिरत राहतं आणि स्टिअरिंग ऐकतं.

फोर-व्हील-ड्राइव्ह लिहिलंय म्हणून भुलू नका. साधा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरच्या दोन चाकांत ओढ वाटणारी गिअरांची जोडणी, दोन्ही चाकांना सारखीच ओढ देतो, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जवळजवळ काही मिळत नाही. खड्ड्यात तिरपी गाडी अडकली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं, की चारचाकी ओढ असूनही गाडी जागेवर. निदान मागच्या ॲक्सलला लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवायला लावणारी सोय) असेल ती गाडी बघा.

अडचण तुमच्या फटीची आहे. जिम्नीची रुंदी आरशांशिवाय १.६४ मीटर. जपानमधले 'की' नावाच्या वर्गातले छोटे ट्रक १.४८ मीटरच्या आत असतात, ३५० किलो माल घेतात, शेतीसाठीच्या काहींत लॉक आणि जास्तीचा लो गिअरही असतो. पण दीड मीटरच्या फटीत दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर ठेवून रोज जाणं शक्य नाही.

आणि वजन. जमिनीवरचा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेएवढा असतो. क्वाडच्या टायरमध्ये ५ ते ७ पीएसआय, जीपच्या टायरमध्ये २५ ते ३०. ओल्या मातीत जीप एका पावसाळ्यात तुमच्या वाटेची दोन चर करून ठेवेल.

दगडबांध:

सगळे गाडीला फटीत बसवताय. फट का नाही मोठी करत? बांध तुमचाच आहे ना? बांध मागे सरकवून दगडांनी पक्का बांधला, तर आठवड्याभराच्या कामात दोन मीटरच्या वर जागा मिळेल. हे मी तीन ठिकाणी केलंय. करताना वाटेचा कल डोंगराच्या अंगाला ठेवा आणि आतल्या कडेने चर काढा. कल बाहेर राहिला तर ओल्या दिवशी गाडी हळूहळू बाहेरच्या कडेकडे घसरत जाते. खड्या टप्प्यावर पाणी वाटेवरून धावू देऊ नका. दर आठ-दहा मीटरवर तिरपी आडचर काढून ते बाजूला काढा. तुमची साबणासारखी माती बहुतेक या पाण्यामुळेच आहे.

आणि तिथे खडी दाबून घाला. कोणतीही गाडी घेतलीत तरी हे काम वाया जाणार नाही.

ओलीवाट:

मनापासून आभार. उतारकरींचा हिशेब मी वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, क्वाड नको. बांध सरकवायचं ठरवलंय, दगड शेतातच पडलेत.

आता दोन प्रश्न. वडिलांना अजूनही छोटा ट्रॅक्टर बरा वाटतो, नांगरटही होईल म्हणून. आणि वापरलेली साइड-बाय-साइड बघायला गेलो तर नेमकं काय तपासू?

उतारकरी:

ट्रॅक्टर वाईट नाही. नांगरट खरंच लागणार असेल तर तो विचार सोडू नका. फक्त चालकाच्या मागची चौकट उभी असली पाहिजे आणि पट्टा लावलेला. ही चौकट नव्या ट्रॅक्टरना स्वीडनने १९५९ मध्येच सक्तीची केली, इतका हा प्रश्न जुना आहे. घडीची चौकट झाडाखालून जाताना खाली पाडतात आणि तशीच राहते, तेवढं जपा. चौकट पाडलेली असताना मात्र पट्टा लावायचा नाही, नाहीतर उलटणाऱ्या ट्रॅक्टरला माणूस बांधलेला राहतो. ओढायचं ते कायम खालच्या हुकाला. ॲक्सलच्या वर दोर बांधून चढावर ओढायला गेलं की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे पडतो, सावरायला सेकंदही मिळत नाही. पण तुमचं काम मला मुख्यतः वाहतुकीचं दिसतं, आणि ट्रॅक्टरला माल न्यायचा म्हणजे पुन्हा ट्रेलर आला. त्यामुळे माझं मत साइड-बाय-साइडकडेच.

आता तपासणी. बहुतेक साइड-बाय-साइडमध्ये गिअरऐवजी रबरी पट्ट्याचं सीव्हीटी, म्हणजे गिअर न बदलता आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा, असतं. काही मॉडेलांत इंजिनाचा वेग उतरला की पट्टा सैल पडतो आणि गाडी उतारावर मोकळी धावते. काहींत इंजिनाची अडवणूक शेवटपर्यंत टिकते. तुम्हाला दुसऱ्या प्रकारची हवी. हे माहितीपत्रकावरून कळत नाही, चालवूनच कळतं. विकणाऱ्याला सांगा, हौद्यात वाळूची पोती भरून २५० किलो करायचं आणि जवळचा सगळ्यात खडा उतार दाखवायचा. लो मध्ये टाका, ॲक्सिलरेटर सोडा, पाय ब्रेकच्या वर धरा पण दाबू नका. गाडी आपल्या आपण चालीच्या गतीने उतरली पाहिजे. वेग वाढत गेला तर ती तुमच्या वाटेसाठी नाही, बाकी कितीही चांगली असो.

तिथेच चढावर मधे थांबून पुन्हा निघून बघा. जळक्या रबराचा वास आला तर पट्टा संपत आलाय, किंवा मालक आयुष्यभर हाय मध्येच ओझं ओढत आलाय. हँडब्रेक भरलेल्या गाडीला त्या उतारावर धरतो का बघा, जुन्या गाड्यांत तो नेमका ढिला असतो. लोखंडी चौकटीला कुठे वेल्डिंग केलेलं, वाकून सरळ केलेलं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

पाण्याच्या ड्रमबद्दल एक सांगायचं राहिलं. २०० लिटरचा ड्रम अर्धा भरून नेऊ नका. वळणावर आतलं पाणी, म्हणजे १०० किलो, एका अंगाला धावतं आणि नेमकं खालच्या अंगाला. काठोकाठ भरलेला एक उभा ड्रम घट्ट बांधून नेणं बरं. त्याहून बरे वीस-वीस लिटरचे भरलेले कॅन, हौद्याच्या तळाशी.

चढावर गाडी मधे अडकली तर वळवायचा प्रयत्न करू नका. रिव्हर्स टाकून सरळ मागे उतरा, आलात त्याच चाकोरीत. वडिलांना हे पहिल्याच दिवशी रिकाम्या गाडीवर चार-पाच वेळा करायला लावा.

आणि गाडी बघायला त्यांना सोबत न्या. सीटवर बसवून पट्टा लावा आणि बघा, त्यांचा पाय ब्रेकपर्यंत न ताणता पोचतो का.