एकच पार्ट नंबर, दोन वेगळे स्विच: विभागांमधल्या भिंती पाडायच्या की पक्क्या करायच्या?

पीपीसी_पिंपरी (धागाकर्ता)

प्रत्येक विभाग आपल्यापुरतं बरोबर वागतो आणि तरी ग्राहकाच्या जिवावर बेततं. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जनरल मोटर्सचा (जीएम) इग्निशन स्विच, म्हणजे किल्लीने गाडी चालू-बंद करणारा स्विच. शेवर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन या गाड्यांत किल्ली फिरवायला लागणारा टॉर्क (पिळाचा जोर) 20 न्यूटन-सेंटिमीटर, अधिक-उणे 5, असा ठरला होता. बसवलेला स्विच त्याहून सैल होता. किल्ल्यांचा जड जुडगा असला किंवा गुडघा लागला, की किल्ली ‘रन’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर घसरायची (तिथे इंजिन बंद, फक्त रेडिओसारख्या गोष्टी चालू) आणि चालती गाडी बंद पडायची.

स्विच पाहणाऱ्या इंजिनिअरांनी याची नोंद ‘ग्राहकाची गैरसोय’ म्हणून केली. त्यांच्या मते स्टिअरिंग जड होतं पण फिरतं, ब्रेक जोराने दाबला की लागतो. तिकडे एअरबॅगवाल्यांनी किल्ली अ‍ॅक्सेसरीवर असताना एअरबॅग निकामी ठेवली होती. उभ्या गाडीत ती अचानक फुगू नये, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्तच होतं. पण किल्ली घसरली की एअरबॅगही गेली, ही जोडणी स्विचवाल्यांच्या ध्यानातच आली नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने 124 मृत्यू ग्राह्य धरले.

माझं मत स्पष्ट आहे. भिंती पाडा. ज्या भागाचा सिग्नल किंवा वीज दुसऱ्या मॉड्यूलला जाते, त्याच्या डिझाईन एफएमईएवर (काय बिघडू शकतं आणि ते किती घातक, याला 10 पैकी गुण देणारा तक्ता) त्या मॉड्यूलच्या इंजिनिअरची सही असल्याशिवाय ड्रॉइंग सुटता कामा नये. ‘गैरसोय’ म्हटलं की तीव्रतेला 5 किंवा 6 गुण पडतात आणि काम मागे सरकतं. एअरबॅगवाला समोर बसला असता तर तिथे 10 लागले असते.

लेखापरीक्षा_सातपूर

साफ असहमत. 2006 मध्ये त्याच स्विचचा आतला प्लंजर (किल्ली जागेवर धरणारी दांडी) लांब केला, स्प्रिंग बदलली आणि पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे पुढे तपास करणाऱ्यांना कळेना की जुन्या गाड्यांत किल्ली घसरते आणि नव्यांत का नाही. 2013 मध्ये एका खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने दोन्ही स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक उजेडात आला. इथे भिंत आड आली असं कुठे दिसतं? उलट नंबर न बदलता बदल सोडायला ठाम नकार देणारी, डिझाईनच्या हाताखाली नसलेली, स्वतंत्र मंजुरीची खिडकी तिथे हवी होती.

हेच तत्त्व आपल्याकडे रोज पाळलं जातं. परचेस ऑर्डर काढणारा एक, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करणारा दुसरा, बिल पास करणारा तिसरा. तिघांचे आकडे जुळले तरच पैसे सुटतात. क्वालिटी प्रॉडक्शन हेडच्या हाताखाली द्या आणि महिन्याच्या 30 तारखेला काय काय पास होतं ते बघा.

टूलरूम_वाळूज

गुणांबद्दल एक दुरुस्ती. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं म्हणजे मुख्य कामच ठप्प, त्यालाच 8 पडायला हवेत. एअरबॅगपर्यंत जायचीही गरज नव्हती. म्हणजे स्वतःच्या विभागातसुद्धा वर्गवारी चुकली होती. सगळं खापर भिंतींवर फोडू नका.

पीपीसी_पिंपरी

8 मान्य. पण त्या चुकीला जाब विचारणारं शेजारी कोणी नव्हतं, हाच माझा मुद्दा आहे.

सुटे_भाग_चाकण

पार्ट नंबरचा घोळ स्टोअर्सच्या बाजूने पाहा. आकार, बसवण्याची जागा किंवा काम यांपैकी काहीही बदललं तर नंबर नवा, हा नियम आहे. बदलाची नोट निघाली की जुना माल पाच ठिकाणी मोजावा लागतो: स्टोअर्स, लाइन, सप्लायरकडचा तयार आणि अर्धवट माल, ट्रकमध्ये असलेला, आणि डीलरकडचे सुटे भाग. हमखास सुटतं ते पाचवं ठिकाण, कारण सुट्या भागांचा विभाग बदलाच्या नोटच्या वितरण यादीतच नसतो.

जीएममध्येही हेच भोवलं. 2008 ते 2011 च्या गाड्या मुळात नव्या स्विचच्या. पण दुरुस्तीत त्याच नंबरचा जुना स्विच बसला असण्याची शक्यता होती, म्हणून मागाहून त्याही, 9 लाखांहून जास्त, रिकॉलमध्ये घ्याव्या लागल्या. सप्लायरच्या डब्यावरची चिठ्ठी तीच, बिन तोच, सिस्टीममधला साठा एकच आकडा. स्टोअर्सवाल्याने कितीही जीव ओतला तरी त्याला फरक दिसणार कसा?

ईआरपी_हिंजवडी

आंतरविभागीय समिती नेमली की काम झालं, असं समजू नका. जीएममध्ये समित्या होत्याच. चौकशी अहवालात ‘जीएम नॉड’ म्हणून नोंद आहे: बैठकीत सगळ्यांनी उपायाला मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. दहा जणांच्या सह्या घेतल्या की प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या नऊंनी पाहिलं असेल.

टोयोटाची पद्धत वेगळी आहे. तिथे एका मॉडेलसाठी एक चीफ इंजिनिअर असतो. विभागांतली माणसं त्याच्या हाताखाली नसतात, पण गाडीचा जबाब त्यालाच द्यावा लागतो. विभाग राहतात, जबाबदारी मात्र एकाच्या नावावर.

लेखापरीक्षा_सातपूर

एका नावाला हरकत नाही. पण मॉडेलची लाँच तारीखही त्याच माणसाच्या नावावर असते. मग तारीख जवळ आली की धोक्याचा निर्णय तोच कसा तटस्थपणे घेणार? गाडी रोखण्याचा अधिकार त्याच्या बाहेरच हवा.

पीपीसी_पिंपरी

रोखण्याचा अधिकार बाहेर, हे पटलं. पण रोखणाऱ्याला रोखायचं काय ते दिसायला हवं. स्विचच्या फाइलवर ‘गैरसोय’ लिहिलेलं असताना तुमची स्वतंत्र खिडकी ती फाइल उघडणार होती का? म्हणून शेजारच्या मॉड्यूलची सही मी सोडत नाही. दहा सह्या नकोत. ज्याला त्या भागातून वीज किंवा सिग्नल मिळतो त्याची एक, आणि सुट्या भागांच्या विभागाचं नाव वितरण यादीत. एवढं उद्यापासून करता येतं, त्याला ना नवं सॉफ्टवेअर लागतं ना समिती.