राष्ट्रसंघाची ‘परिषद’ की ‘सुरक्षा परिषद’?

मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेत होते, वहीत तिने लिहिलेलं, ‘राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत जपानने नकाराधिकार वापरला’. मी खोडलं, पण का चूक ते तिला नीट समजावून द्यायचंय. राष्ट्रसंघ आणि संयुक्त राष्ट्रसंघ, नावं इतकी सारखी, मग आतले शब्द वेगळे कसे?

—

ताई, खोडलंत ते बरोबर. राष्ट्रसंघ म्हणजे लीग ऑफ नेशन्स, १० जानेवारी १९२० ला सुरू झाला, मुख्यालय जिनिव्हाला. त्यात सभा, परिषद आणि सचिवालय. सभेत प्रत्येक देशाला एक मत. परिषदेत ब्रिटन, फ्रान्स, इटली, जपान कायमचे आणि सुरुवातीला चार देश सभेने निवडलेले, ते १९२६ पर्यंत नऊ झाले. तिला नुसतं ‘परिषद’च म्हणायचं, ‘सुरक्षा परिषद’ संयुक्त राष्ट्रसंघाची, १९४५ नंतरची.

आणि नकाराधिकार तर मुळीच नाही! तो सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्या कायम सदस्यांचा खास हक्क. राष्ट्रसंघात महत्त्वाच्या ठरावाला, सभेत काय नि परिषदेत काय, हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागायचं, म्हणजे अगदी चिमुकल्या देशाच्या ‘नाही’नेही गाडी अडायची. म्हणून शब्द ‘एकमताची अट’. फक्त तंट्याच्या अहवालावर भांडणाऱ्या देशांची मतं धरायची नाहीत असा नियम होता, त्यामुळेच फेब्रुवारी १९३३ ला जपानने बळकावलेल्या मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग) बद्दलचा अहवाल सभेत ४२ विरुद्ध १ असा पास झाला, सयाम (आताचा थायलंड) तटस्थ, विरोधातलं ते एक मत जपानचं, आणि जपानी मंडळी उठून बाहेर गेली.

—

मला ‘संघ’च खटकतो. आपल्या संविधानात भारत ‘राज्यांचा संघ’ आहे, तिथे संघ म्हणजे पक्की मोट. राष्ट्रसंघाकडे स्वतःचं सैन्य नव्हतं, नको झालं की नोटीस देऊन दोन वर्षांनी बाहेर पडता यायचं. फ्रेंच नावात ‘सोसिएते’ (म्हणजे मंडळ) आहे, ते सैलपण जास्त बरोबर दाखवतं.

—

‘राष्ट्र’ तरी कुठे चपखल बसतं? इंग्रजांच्या ताब्यातला भारत पहिल्यापासून सदस्य होता, १९३७ ला सभेचे अध्यक्ष आगाखान होते. राष्ट्रसंघाच्या सनदेत सदस्य कोण होऊ शकतो, तर स्वशासित राज्य, डोमिनियन (ब्रिटिश साम्राज्यातला स्वायत्त देश) किंवा वसाहत असं लिहिलेलं, आणि भारत त्यातल्या कशातच धड बसत नव्हता तरी यादीत नाव होतं.

—

खूप आभार सगळ्यांचे. वहीत आता असं लिहून घेतलं: ‘राष्ट्रसंघाच्या सभेत अहवालाविरुद्ध एकट्या जपानने मत दिलं.’