अनुभव धागा: कॉलेजात पाहुणे येतात तेव्हा

आमच्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजातली व्याख्यानं, मैफली, नाटकं, चित्रपट हे सगळं सध्या माझ्या गळ्यात आहे. वार्षिक अहवालासाठी जुने अहवाल चाळताना वैताग आला. जिकडे तिकडे एकच वाक्य, ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ मग उत्साहात पार न पडलेले कार्यक्रम गेले कुठे? तुम्ही आयोजक असा, पाहुणे असा की पडदा ओढणारे, अहवालात न येणारं इथे लिहा. कॉलेजांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

सक्तीची हजेरी लावून भरलेलं सभागृह मला नकोसं झालंय. नकाशे तयार करणाऱ्या एका बाई आमच्याकडे आल्या होत्या. संध्याकाळी सभागृह गच्च, पण मागच्या रांगांतले चेहरे मोबाइलच्या उजेडात निळे. बाई अनुभवी, त्यांनी वेळेत आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना एका वर्गात बसवलं. ज्याला यायचंय त्याने यावं, हजेरी नाही. बाईंनी गुंडाळी सोडून एक मोठा नकाशा टेबलावर पसरला, एका कोपऱ्यावर डस्टर ठेवलं, दुसऱ्यावर कुणाची तरी पाण्याची बाटली. अर्थशास्त्राच्या एका मुलीने विचारलं, “ही नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते ना? मग सलग निळी का काढलीय?” झालं! बाकीचा तास त्या एका रेषेवर गेला. तुटक रेषा कुठे वापरतात, कोणत्या ऋतूत पाहणी केली यावर नकाशा कसा बदलतो, नदी ‘आहे’ म्हटलं की जमिनीचे हक्क कसे फिरतात. शेवटी भूगोलाच्या मुलांपेक्षा कायद्याकडे जाणारी मुलंच जास्त भांडत होती. अहवालात अर्थातच फोटो आला तो आदल्या संध्याकाळचा.

ध्वनिव्यवस्था पाहणारा

ताई, गच्च सभागृहाबद्दल माझी तक्रार नाही. आवाजाच्या दृष्टीने माणसं चांगली, ती आवाज शोषून घेतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साऊंड चेक करून “छान आहे” म्हणणारे संध्याकाळी माझ्याकडे बघतात, ते म्हणूनच.

हे शास्त्र मुळात एका कॉलेजच्याच फसलेल्या हॉलमधून निघालंय. 1895 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे कितीतरी शब्द त्यावर येऊन आदळायचे. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे ते काम आलं. दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. आवाज किती वेळ घुमेल हे काढायचं सूत्र त्याने यातून बांधलं, आणि आजही सभागृह बांधताना तेच वापरतात.

माझ्या दोनच विनंत्या. कॉलर माईक लावणार असाल तर पाहुण्यांना मोठा हार किंवा लोंबणारी आयकार्डाची दोरी नको. प्रत्येक हालचालीला तो खुळखुळाट सगळा हॉल ऐकतो. आणि पाहुण्यांचा लॅपटॉप दहा मिनिटं आधी माझ्या हातात द्या. पडद्याच्या मापाचं आणि जॅकचं लग्न ऐन वेळी जमत नाही.

विद्यार्थी समितीतली, तिसरं वर्ष

मला परिचयावर बोलायचंय. पाहुण्यांनी पाठवलेला दोन पानी बायोडेटा आमचे सर शब्दन्‌शब्द वाचतात. पाहुणे खुर्चीत मान खाली घालून बसतात, कारण स्वतःचे पुरस्कार ऐकताना चेहरा कसा ठेवायचा हे कुणालाच ठाऊक नसतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं आहेत, मायकेल फॅरडे यांनी 1820च्या दशकात सुरू केलेली. तिथे परिचयच नसतो. ठरल्या वेळी दार उघडतं, वक्ता आत येतो आणि थेट विषयाला हात घालतो. वक्ता आयत्या वेळी पळू नये म्हणून त्याला आधी खोलीत कोंडून ठेवायची गमतीची प्रथाही आहे म्हणे. आमच्याकडे कोंडायची गरज कुणाला असेल तर ती परिचय करून देणाऱ्याला.

आता आमच्या समितीने ठरवलंय की पाहुण्यांना आधी फोन करायचा आणि विचारायचं, “तुमच्याबद्दल काय सांगू नये असं वाटतं?” याचं उत्तर बायोडेटापेक्षा नेहमी जास्त कामाचं निघतं.

नृत्यांगना, बऱ्याच कॉलेजांत पाहुणी

दुसऱ्या बाजूने लिहिते. मानधन, प्रवास, फलकावर नाव कसं लिहायचं, हे सगळं विचारतात. जमीन कशाची आहे हे कुणी विचारत नाही. काँक्रीटवर फरशी आणि फरशीवर सतरंजी, की झालं स्टेज. खाली पोकळी असलेला लाकडी मंच पायाचा मारा थोडा स्वतः झेलतो. काँक्रीट काहीच झेलत नाही, सगळं गुडघ्यांत आणि नडग्यांत जातं. सतरंजी तर त्याहून वाईट, गिरकी घेताना ती पायाबरोबर सरकते. एका ठिकाणी मी आधी मंच पाहायला मागितला तर “आमच्याकडे मोठमोठे कलाकार नाचून गेलेत” असं उत्तर मिळालं. असतील गेले. त्यांचे गुडघे कसे आहेत, तेही विचारा.

आणि कपडे बदलायला एक बंद होणारी खोली. बास.

तत्त्वज्ञान शिकवणारा

प्रश्नोत्तरांत आमचा एकच नियम आहे, पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. त्याआधी निवृत्त प्राध्यापकांचे हात वर झाले तरी दिसले नाहीत असं धरायचं. “प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण” अशी सुरुवात ऐकली की मी घड्याळ काढून समोर ठेवतो. काही जण चिठ्ठ्या मागवतात. मला ते पटत नाही, चिठ्ठीला उलटप्रश्न विचारता येत नाही.

अवघड भाग वादग्रस्त पाहुण्यांचा. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजमध्ये मार्च 2017 मध्ये वंश आणि बुद्धिमत्तेवरच्या लिखाणामुळे वादग्रस्त ठरलेले लेखक चार्ल्स मरे यांना विद्यार्थ्यांच्या एका गटाने बोलावलं होतं. सभागृहात मुलांनी पाठ फिरवून इतक्या घोषणा दिल्या की भाषण दुसऱ्या खोलीत हलवून तिथून थेट प्रक्षेपित करावं लागलं. बाहेर पडताना झालेल्या गर्दीत प्राध्यापिका ॲलिसन स्टेंजर यांना इजा झाली, आणि त्या तर मरेंना आव्हान देणारे प्रश्न विचारायला मंचावर होत्या! मी दोन्ही बाजूंच्या मुलांबरोबर हे प्रकरण वर्गात घेतो. निषेध करणं हा हक्क आहे, याबद्दल वाद नसतो. इतरांचं ऐकणं बंद पाडणं हा त्याच हक्काचा भाग आहे का, इथे वर्ग फुटतो. माझं मत ‘नाही’ असं आहे. पण ज्यांच्याबद्दल बोललं जाणार असतं, त्यांना ‘शांतपणे ऐका’ म्हणणं सोपं असतं हेही मला दिसतं. म्हणून आम्ही अशा वेळी पाहुण्यांना आधीच कळवतो की अर्धा वेळ भाषणाला, अर्धा प्रश्नांना. ज्यांना हे मान्य नसतं ते स्वतःच येत नाहीत.

हिशोब विभाग

सगळे पाहुण्यांच्या आठवणी सांगताहेत, म्हणून दोन ओळी. मानधनाचा अर्ज, बँकेचा तपशील आणि करासाठीची कागदपत्रं निमंत्रणाबरोबरच मागवा. कार्यक्रम झाल्यावर मागितलं की पाहुणे परदेशात असतात, समन्वयक रजेवर असतो आणि फोन मला येतात.

सांकेतिक भाषेची दुभाषी

मी ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानांना असते. व्याख्यान तासाभराचं असेल तर आम्ही दोघी लागतो, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. एकटीने केलं तर हात नंतर थकतात, मेंदू आधी. कविता किंवा विशेषनामं असतील तर मजकूर आदल्या दिवशी हवा. सगळ्यात हमखास होणारी गोष्ट म्हणजे स्लाइड सुरू झाली की कुणीतरी सगळे दिवे घालवतं. तिकडे चित्र सुंदर दिसतं, इकडे मी अंधारात हात हलवत असते. साऊंडवाल्या दादांना विचारते, माझ्यावरचा एक दिवा वेगळा ठेवता येतो का?

ध्वनिव्यवस्था पाहणारा

येतो की. बाजूने छोटा स्पॉट मारायचा, पडद्यावर उजेड सांडत नाही. मागे मात्र साधा गडद पडदा हवा, नाहीतर हात उठून दिसत नाहीत. फक्त सकाळी सांगा. पाहुणे मंचावर बसल्यावर सांगितलं तर शिडी त्यांच्या समोरून न्यावी लागते.