आयईएलटीएस: टेक्नॉलॉजीवरच्या निबंधात शब्द कमी पडतात

शाईचा_डाग:
आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंग टास्क २ ची, म्हणजे निबंधाची, तयारी चालू आहे. तंत्रज्ञान आणि समाज असा विषय आला की 'गुड', 'बॅड', 'इम्पॅक्ट' यापुढे गाडी सरकत नाही. नेटवर शंभर-शंभर शब्दांच्या याद्या मिळतात, त्या पाठ कराव्यात का? नमुन्याला एक वाक्य देते, काय चुकलंय सांगा: 'नाऊअडेज मोबाईल इज मेकिंग बॅड इम्पॅक्ट टू द चिल्ड्रन.'

ताकभात:
याद्या बाजूला ठेवा. ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात, आणि शब्दसंपत्तीला चारांपैकी एका निकषाचे म्हणजे २५ टक्के गुण. सहाचा बँड (गुणांची पातळी) सातवर जातो तो नुसत्या अवघड शब्दांनी नाही. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, याची जाण तिथे दिसावी लागते.

तुमच्या वाक्यात मराठी 'परिणाम' दडलाय. आपल्याकडे हा एकच शब्द सगळीकडे चालतो, इंग्रजीत त्याची वाटणी होते. साधं नाम 'इफेक्ट', क्रियापद 'अफेक्ट'. जोरदार असेल तर 'इम्पॅक्ट'. विचारांवर, वागण्यावर हळूहळू पडणारा 'इन्फ्लुअन्स'. मागाहून येणारा, बहुधा नकोसा, तो 'कॉन्सिक्वेन्स'. इफेक्ट, इम्पॅक्ट, इन्फ्लुअन्स या तिन्ही नामांपुढे 'ऑन' येतो, 'टू' नाही. उलट 'अफेक्ट'पुढे काहीच नको. 'मुलांवर'मधला 'वर' ओढून नेला की 'अफेक्ट्स ऑन चिल्ड्रन' होतं, आणि ते चूक. 'मेक ॲन इम्पॅक्ट' हा प्रयोग आहे, पण त्यात छाप पाडल्याचा भाव आहे. इथे 'हॅव' हवं.

दुरुस्त वाक्य: 'एक्सेसिव्ह स्क्रीन टाइम हॅज अ हार्मफुल इफेक्ट ऑन चिल्ड्रन्स स्लीप.' मुलं सर्वसाधारण आहेत म्हणून 'द' गेला. आणि मुख्य म्हणजे नुकसान नेमकं कशाचं, ते आलं: झोपेचं. निम्म्या वेळा शब्द कमी नसतो, मुद्दाच मोघम असतो.

उंबरठा:
वरच्यात भर. आपल्याकडे बोलताना सर्रास 'सॉफ्टवेअर्स', 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स' म्हणतात. तिन्ही मोजता न येणारी नामं, 'एस' लावायचा नाही. 'रिसर्च' आणि 'प्रोग्रेस' तशीच. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ सॉफ्टवेअर', किंवा प्रगतीसाठी 'ॲडव्हान्सेस इन मेडिसिन'. 'टेक्नॉलॉजीज' मात्र चालतं, जेव्हा वेगवेगळी तंत्रज्ञानं अभिप्रेत असतात.

'कोप अप विथ' नाही, 'कोप विथ'. 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'ॲक्सेस' नाम असताना 'टू' घेतो, 'हॅव ॲक्सेस टू द इंटरनेट'. क्रियापद असताना घेत नाही, 'ॲक्सेस द इंटरनेट'.

दुपारची_झोप:
शब्द सुटे न घेता विषयाच्या घोळक्याने घ्या. नोकऱ्यांचा मुद्दा आला तर 'ऑटोमेशन', 'रिप्लेस वर्कर्स', 'रिडंडंट' (गरज उरली नाही म्हणून कामावरून कमी केलेला), 'रीट्रेन'. खासगीपणाचा आला तर 'सर्व्हेलन्स' (पाळत), 'डेटा ब्रीच' (माहिती फुटणं), 'पर्सनल डेटा', 'कन्सेन्ट' (संमती). सोयी काहींनाच मिळतात हे सांगायचं तर 'डिजिटल डिव्हाइड'. खोट्या माहितीत तर नेमकेपणाला भाव आहे: नकळत पसरते ती 'मिसइन्फर्मेशन', जाणूनबुजून पसरवतात ती 'डिसइन्फर्मेशन'. एका निबंधाला असे सहा-सात शब्द पुष्कळ झाले.

'लडाइट' हा शब्दही कळलेला बरा. १८११ पासून नॉटिंगहॅमशायर भागात मोजे विणण्याचे माग फोडणाऱ्या कामगारांवरून तो आला. आज नव्या तंत्राला विरोध करणाऱ्याला म्हणतात, पण त्यात टोमणा आहे. निबंधात जपून.

शाईचा_डाग:
'डबल-एज्ड सोर्ड' वापरू का? आणि स्पीकिंगला उच्चारात काय सांभाळू?

उंबरठा:
वापरला तरी गुण कापत नाहीत.

ताकभात:
कापत नाहीत, पण मिळतही नाहीत. टेक्नॉलॉजीचा विषय दिसला की पहिल्याच ओळीत 'दुधारी तलवार' उपसणारे ढिगाने असतात. त्याऐवजी दोन्ही धारा सांगा: 'ऑनलाइन बँकिंग सेव्ह्ज टाइम बट एक्स्पोझेस युझर्स टू फ्रॉड.' 'एक्स्पोज'ला 'टू' लागतो, तेवढं विसरू नका.

उच्चाराचं म्हणाल तर आघात जागा बदलतो. 'टेक्नॉलॉजी'त जोर 'नॉ'वर, 'टेक्नॉलॉजिकल'मध्ये सरकून 'लॉ'वर. 'प्रायव्हसी' आणि 'प्रिव्हसी' दोन्ही बरोबर. 'डिव्हाइस' म्हणजे उपकरण, शेवटी 'स'. 'डिव्हाइझ' म्हणजे योजना आखणे, शेवटी 'झ', आणि लिहिताना तिथे 'सी'च्या जागी 'एस' येतो. स्पेलिंग ब्रिटिश लिहा की अमेरिकन, दोन्ही चालतं, फक्त एकाच उत्तरात भेसळ नको.