मदत हवी आहे: अग्निशमन केंद्राचा मंजूर निधी सभागृह आणि प्रशासनाच्या वादात अडकला आहे; नागरिकांनी कोणता मार्ग धरावा?

मी जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावी राहतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण सध्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे आणि मला कोणावर ठपका ठेवायचा नसून मार्ग शोधायचा आहे. नगरपालिका कायद्याची माहिती असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाच्या गंजीने पेट घेतला. आमच्या नगरपरिषदेचा एकुलता एक बंब आवारातच उभा होता, परंतु कंत्राटी चालकाची मुदत मार्चअखेर संपलेली होती आणि मुदतवाढीचा विषय सभेत मंजूर झालेला नव्हता. शेजारच्या तालुक्यातून बंब येईपर्यंत पाऊण तास गेला. कापसाची आग वरून विझलेली दिसली तरी आतल्या आत धुमसत राहते. गंजी उलगडून, कापूस पसरून, पुन्हा पुन्हा पाणी मारावे लागते, आणि ते काम दोन दिवस चालले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. मात्र जिनिंगच्या भिंतीला लागूनच मजुरांच्या झोपड्या आहेत आणि ती सगळी कुटुंबे लेकराबाळांसह रात्रभर रस्त्यावर बसून होती. त्यांतील एक आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "बंब अजून उना नही का?" (अजून आला नाही का?) त्या प्रश्नाचे खरे उत्तर नगरपरिषदेच्या इतिवृत्तात आहे, हे मला नंतर कळले, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

घटनाक्रम असा आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांप्रमाणे आमच्याकडेही निवडून आलेले सभागृह नव्हते आणि सुमारे चार वर्षे प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात सभेचे आणि अंमलबजावणीचे असे दोन्ही अधिकार एकाच सहीत एकवटलेले होते. प्रशासकांनी नवीन अग्निशमन केंद्र, बाजारपेठेतील पाण्याचे हायड्रंट आणि प्रशिक्षित कर्मचारी यांसाठी प्रस्ताव केला. जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मंजूर झाला आणि नगरपरिषदेच्या हिश्श्याची रक्कम स्वनिधीतून देण्याचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या आघाडीचे, अशी स्थिती झाली. अर्थसंकल्पाच्या सभेत बहुमताने स्वहिश्श्याची तरतूद काढून ती प्रभागांतील काँक्रीट रस्त्यांकडे वळवण्यात आली. लोकप्रतिनिधींना न विचारता प्रशासकांनी स्वीकारलेला आर्थिक भार नव्या सभागृहावर बंधनकारक नाही, असे कारण ठरावात लिहिलेले आहे. नगरपरिषदेच्या प्रशासनाचे प्रमुख असलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी तो ठराव महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला आणि त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली.

परिणाम असा की रस्तेही होत नाहीत आणि केंद्रही होत नाही. मुख्याधिकारी म्हणतात की अर्थसंकल्पात तरतूद नसताना मी एक रुपयाही खर्च करू शकत नाही. नगरसेवक म्हणतात की आमचा ठराव अधिकाऱ्याने अडवला, तेव्हा पुढचेही त्यानेच पाहावे. मुदतीत खर्च न झाल्यास जिल्हा योजनेचा निधी समर्पित करावा, म्हणजे परत करावा लागेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण ती इतक्या शब्दशः अनुभवावी लागेल असे वाटले नव्हते.

माझे मत स्पष्टपणे लिहितो. तिजोरीवर निवडून आलेल्या सभागृहाचे नियंत्रण असले पाहिजे, या तत्त्वावर माझा पूर्ण विश्वास आहे. चार वर्षे एका सहीने चाललेला कारभार आदर्श नव्हता आणि नगरसेवकांची ती तक्रार रास्त आहे. परंतु अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे अनुच्छेद २४३ डब्ल्यूखाली नगरपालिकांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांत, सातव्या क्रमांकावर आहे. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ४९ मध्येही आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करणे ही ऐच्छिक नव्हे तर आवश्यक कर्तव्ये म्हणून सांगितलेली आहेत. केंद्र कुठे बांधावे, किती खर्चात बांधावे, कोणत्या वर्षी बांधावे हे सभागृहाने जरूर ठरवावे. पण बंबावर चालक असावा की नसावा, हाही बहुमताचा विषय होऊ शकतो का?

वाचनात असेही आले की पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि तीत आपल्यासारख्या राज्यांनी २५ टक्के वाटा उचलायचा आहे. म्हणजे वरून निधी येतो तो प्रत्येक पायरीवर खालच्याचा हिस्सा मागत येतो, आणि शेवटच्या पायरीवर कोणी हिस्सा नाकारला की गाडी तिथेच थांबते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरपूरजवळ वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन अनेक कामगारांचा बळी गेला. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा आग लागून रुग्ण दगावले. प्रत्येक वेळी तपासणीचे आदेश निघतात, पण तपासणी करायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. खानदेशातील तालुक्यांच्या गावी जिनिंग, सरकीच्या तेलगिरण्या, लाकडाच्या वखारी आणि कडब्याच्या गंजी भर वस्तीला लागून आहेत, आणि वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. येथे हा प्रश्न कागदावर ठेवून चालणार नाही.

माझा मुख्य प्रश्न हा आहे की स्थगितीमुळे ठराव थांबला, पण मूळ तरतूद आपोआप जिवंत झाली का? झाली नसेल, तर ती पुन्हा करण्यासाठी सामान्य नागरिकाला सभागृह, नगराध्यक्ष, जिल्हाधिकारी आणि न्यायालय यांपैकी कोणाकडे आधी जावे लागेल?

पहिला प्रतिसाद

नगरपालिका लेखा विभागात अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. कलम ३०८ हा ब्रेक आहे, ते इंजिन नव्हे. जिल्हाधिकारी लोकहिताविरुद्ध किंवा बेकायदेशीर ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, परंतु त्या कलमाखाली अर्थसंकल्पात नवीन तरतूद लिहू शकत नाहीत. त्यामुळे मुख्याधिकाऱ्यांची अडचण खरी आहे, आणि तुमचा अर्ज "ठराव रद्द करा" असा असेल तर त्यातून बंब हलणार नाही. विशेष सभा घेऊन पुनर्विनियोजन (एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे) किंवा पुरवणी तरतूद करणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यासाठी नगरसेवकांशीच बोलावे लागेल. ज्यांच्या प्रभागात जिनिंग आहे त्यांच्यापासून सुरुवात करा.

चालकाचा विषय केंद्राच्या विषयापासून आजच वेगळा काढा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तातडीचे काम सभेच्या मंजुरीची वाट न पाहता करण्याचा निर्देश देण्याचा अधिकार कलम ५८ खाली नगराध्यक्षांना आहे. त्याचा अहवाल पुढील सभेत ठेवावा लागतो. सभागृहाने चालक नेमू नये असा ठराव केलेला नसेल, केवळ विषय प्रलंबित असेल, तर नगराध्यक्षांनी हा अधिकार वापरायला हरकत नसावी.

निधी नाही या सबबीबद्दल रतलाम नगरपालिकेचा १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अवश्य वाचा. रतलामच्या रहिवाशांनी गटारे व स्वच्छतेसाठी दंडाधिकाऱ्यांकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दाद मागितली होती, आणि पैसे नाहीत म्हणून नगरपालिकेला कायद्याने सांगितलेले कर्तव्य टाळता येणार नाही असे न्यायालयाने स्पष्ट केले. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाचे आहे.

आणखी एक गोष्ट, जिला नगरपरिषदेचा रुपयाही लागत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली आपली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात, मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. गावातील किती जिनिंग, मंगल कार्यालये आणि दवाखान्यांनी ते दिले, याची यादी माहिती अधिकारात मागा. सभागृह आणि प्रशासन यांचा वाद मिटण्याची वाट या कामासाठी पाहावी लागत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आपले मनःपूर्वक आभार. चालक आणि केंद्र हे दोन विषय मी एकत्र बांधून ठेवले होते, ही माझी चूक लक्षात आली. आज नगराध्यक्षांना कलम ५८ चा उल्लेख करून केवळ चालकापुरते निवेदन दिले आहे आणि त्यावर जिनिंगजवळच्या झोपड्यांतील बेचाळीस जणांच्या सह्या व अंगठे आहेत. बी फॉर्मच्या यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्जही दाखल केला. पहिल्या सोमवारी नागरिकांच्या तक्रारी ऐकल्या जातात त्या जिल्हाधिकारी लोकशाही दिनासाठी केंद्राच्या निधीचा अर्ज तयार करत आहे, परंतु कलम ३०८ चे प्रकरण त्याच कार्यालयात चालू असल्यामुळे तो स्वीकारला जाईल का, अशी शंका आहे. स्थगितीचा उल्लेख टाळून फक्त कलम ४९ मधील कर्तव्याची अंमलबजावणी मागितली तर चालेल का? कोणी असा अर्ज पूर्वी केला असल्यास त्याची भाषा कशी होती, ते कृपया येथे लिहावे. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून शक्य तितक्या लवकर कळवल्यास उपकार होतील.