साल्सा म्हणजे नुसतं न्यूयॉर्कचं लेबल? मला अजिबात पटलेलं नाही

मध्यलय:
परवा इथेच एका लेखात वाचलं की साल्सा हे नाचाचं संगीत म्हणजे क्युबाचं जुनं 'सोन' (तिथला लोकप्रिय गाण्यानाचाचा प्रकार), न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीने त्याला लेबल लावून विकलं, बाकी नवीन काही नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना, म्हणून हा वेगळा धागा.

सोन क्युबाच्या पूर्वेकडचं, सान्तियागो-ग्वान्तानामो भागातलं, यावर वादच नाही. क्लावे, म्हणजे सगळं ज्यावर उभं राहतं तो पाच ठोक्यांचा ताल, क्युबाचीच; मोन्तुनो, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारा वादनाचा तुकडा, तोही क्युबाचाच. पण १९६१ साली न्यूयॉर्कचा पियानोवादक एडी पाल्मिएरी याने 'ला पेर्फेक्ता' हा बँड काढला तेव्हा व्हायोलिनच्या जागी ट्रोंबोन बसवले. तो खरखरीत, अंगावर येणारा आवाज हवानाचा नाही. पुढे तोच विली कोलोनने उचलला, पोर्तोरिकन घरातल्या ब्राँक्सच्या पोराने. त्याच्याकडे गाणारा एक्तोर लावो पोन्से गावचा. त्यांच्या नाताळच्या रेकॉर्डवर योमो तोरोचं क्वात्रो ऐका, ते पोर्तो रिकोचं तंतुवाद्य आहे. बोम्बा आणि प्लेना हे तालही त्याच बेटावरून आले. १९७८ च्या 'सिएम्ब्रा' या अल्बममध्ये पनामाचा रुबेन ब्लादेस शहरातल्या गल्ल्यांच्या गोष्टी सांगतो. एवढं सगळं लेबलात मावतं?

जुनी_तबकडी:
तुम्ही सजावट दाखवताय, मी पाया विचारतोय. आर्सेनियो रोद्रिगेसचं नाव तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात एकदाही नाही. हा अंध क्युबन त्रेसवादक (त्रेस म्हणजे गिटारसारखं तंतुवाद्य) १९४० च्या दशकात हवानात बसून सोनच्या बँडमध्ये पियानो, कोंगा आणि जास्तीचे ट्रंपेट आणतो, आणि तोच साचा साल्सावाले पुढे वापरतात. हा माणूस डिसेंबर १९७० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गेला, फारशी कुणी दखलही घेतली नाही. आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, न्यूयॉर्कच्या 'चीता' क्लबमध्ये फानिया या रेकॉर्ड कंपनीच्या कलाकारांची ती प्रसिद्ध मैफल झाली आणि जगाला साल्सा 'सापडला'. याचा मला संताप येतो.

आणि फानियाच्या तबकड्यांवर क्युबन गाण्यांपुढे रचनाकाराच्या जागी काय छापायचे? 'डी. आर.', म्हणजे हक्क राखीव. कुणाचे, ते गुलदस्त्यात. फानियाचा एक संस्थापक जॉनी पाचेको याने १९६४ मध्ये काढलेली कंपनीची पहिलीच एलपी बहुतेक क्युबन गाण्यांवर उभी आहे.

जर्सीवासी:
पुस्तकी वाद चालू द्या, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. आमच्या ऑफिसात एक वयस्कर पोर्तोरिकन बाई होत्या, जन्म ईस्ट हार्लेमचा. मी एकदा जेवताना सहज म्हटलं, साल्सा क्युबन ना? त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, माझे वडील आठवडाभर कारखान्यात उभे राहायचे आणि शनिवारी नाचायला जायचे, ते संगीत आमचं आहे. यापुढे मला कुठलाही पुरावा नको.

जुनी_तबकडी:
बाईंचं दुःख खरं. पण वडील नाचले म्हणून संगीत त्यांनी रचलं असं होत नाही. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम या नाचघरात ते ज्या मांबोवर, म्हणजे साल्साच्या आधीच्या नाचसंगीतावर, नाचत असतील, त्याच्या मागेही माचितो आणि मारियो बाउसा हे क्युबनच होते.

मध्यलय:
आणि त्याच पॅलेडियममध्ये तितो प्युएन्ते होता! जन्म न्यूयॉर्कचा, आईवडील पोर्तोरिकन. सोयीची नावं तेवढी उचलू नका. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबावर लादलेल्या व्यापारी निर्बंधांनंतर तिथून नवीन तबकड्या येणंच बंद झालं. न्यूयॉर्कच्या पोरांना आपली वाट स्वतः शोधावी लागली, ती वाट म्हणजे साल्सा.

जुनी_तबकडी:
त्याच निर्बंधांमुळे क्युबातल्या रचनाकारांना हक्काचे पैसे मागता आले नाहीत. एकाच भिंतीच्या आडोशाला तुमच्या पोरांना वाट मिळाली आणि आमच्या म्हाताऱ्यांची कमाई बुडाली.

डग्गा:
मधेच बोलतो, कारण हे प्रत्येक धाग्यात होतं. क्लावेला 'त्यांचा ठेका' म्हणणं कृपया थांबवा. मूळ लेखात तेच लिहिलं होतं. दोन मापांत पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. ते फिरतं, पण समेवर येण्याची आपली ओढ तिथे नाही. उलट बास पहिल्या मात्रेच्या आधीच पडतो आणि नवखा माणूस तिथेच पाय चुकतो. पुण्यातल्या एका क्लासमध्ये मला 'झपतालासारखंच समजा' असं शिकवलं, पैसे घेऊन.

म्हापसेकर:
'डी. आर.'वर एवढे तापताय, पण आपल्याकडे काय वेगळं होतं? 'समाधी' (१९५०) मधलं सी. रामचंद्रांचं 'गोरे गोरे ओ बांके छोरे' आठवा. 'चिको चिको फ्रॉम पोर्टो रिको'ची चाल. कुणाचं नाव छापलं?

पत्राचा_डबा:
अण्णांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, चोर म्हणायचं असेल तर आधी माहिती घ्या. ते 'चिको चिको' पोर्तो रिकोचं नव्हेच. जिमी मॅकह्यू या अमेरिकन माणसाची चाल, १९४५ च्या हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडाने गायलेली. ती जन्माने पोर्तुगीज, वाढली ब्राझीलमध्ये. यात लुटलं गेलेलं पोर्तो रिको कुठे आहे? पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी त्याच हातांनी अस्सल मराठी मातीतल्या चाली दिल्या, ते कुणी बोलत नाही. दर वेळी एकच गाणं काढून माणसाला झोडपायचं!

म्हापसेकर:
मी चोर हा शब्द वापरलेला नाही, तुम्ही माझ्या तोंडी घालताय. माझा प्रश्न वाजवणाऱ्यांचा आहे. अण्णांच्याच 'अलबेला' (१९५१) मध्ये बोंगो आणि ट्रंपेट घुमतात ते कुणामुळे? चिक चॉकलेट, म्हणजे आमच्या गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ. तो निदान बँडसकट पडद्यावर दिसला. माझे थोरले काका मुंबईत ट्रंपेट वाजवायचे. रुंबा, सांबा, हवं ते नोटेशन समोर ठेवा, पहिल्या वाचनात वाजवत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव एकदाही आलं नाही. ते गेले तेव्हा घरात एक वाद्य होतं आणि पुरावा म्हणून एक कागदही नव्हता.

पत्राचा_डबा:
काकांबद्दल आदर आहे. पण ती त्या काळच्या स्टुडिओंची रीत होती, त्याचा भार एकट्या अण्णांवर का? चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून सोबत घेणारेही अण्णाच.

म्हापसेकर:
'रीत होती' म्हटलं की सगळं धुऊन निघतं का? मग फानियाचीही रीतच होती. आर्सेनियोसाठी तुम्हा सर्वांचा गळा दाटतो, आणि मुंबईत डोंगरी-धोबीतलावच्या खोल्यांतून राहिलेल्या गोव्याच्या वादकांसाठी 'रीत'!

जुनी_तबकडी:
म्हापसेकरांचं हे मला लागलं. मध्यलयताई, तुमचे ट्रोंबोन न्यूयॉर्कचे, एवढं लिहून देतो. जास्त नाही. पण पाल्मिएरीच्या त्या ट्रोंबोनखाली जो मोन्तुनो चालतो, तो काढून टाका आणि उरेल त्यावर कुणी नाचून दाखवावं.

मध्यलय:
आणि तुम्ही ट्रोंबोन, लावोचा गळा, ब्लादेसचे शब्द काढा. उरेल ते १९४० चं उत्तम क्युबन संगीत असेल, साल्सा नसेल. माझं म्हणणं पहिल्यापासून एवढंच आहे.

पत्राचा_डबा:
म्हापसेकर, काकांनी कुठल्या गाण्यांत वाजवलं हे घरात कुणाला ठाऊक असेल तर इथे लिहा. अण्णांबद्दलचं तुमचं मत मी मान्य करणार नाही, पण तबकड्या माझ्याकडे आहेत, ऐकून बघता येईल.

म्हापसेकर:
आत्याला विचारतो. दोन गाणी ती नेहमी सांगते, आणि त्यातलं एक तुमच्या अण्णांचंच आहे.