टेक्सासचा नकाशा, कॅलिफोर्नियाचा नकाशा... यावर इलाज काय?

ह्यूस्टनकर: मंडळी, सहा वर्षं इथे राहतोय पण हे प्रकरण काही डोक्यात शिरत नाही. २०२५ मधे टेक्सासनं जनगणना नसताना मधेच मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, रिपब्लिकनांना काँग्रेसमधे (म्हणजे इथल्या संसदेत) पाच जागा जास्त हव्यात म्हणून, तेही उघड बोलून. मग कॅलिफोर्नियानं लोकांचं मत घेऊन स्वतःच्याच स्वतंत्र कमिशनचा नकाशा बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅट्सच्या सोयीचा आणला. कोर्ट काय करतंय?

खवचट_काका: कोर्टानं २०१९ लाच हात झटकले, ५ विरुद्ध ४, पक्षाच्या फायद्याचा नकाशा हा फेडरल कोर्टाचा विषयच नाही म्हणे. युक्ती जुनीच, समोरच्याचे मतदार एका जागी कोंबायचे नाहीतर चार जागी पांगवायचे. विस्कॉन्सिन विधानसभेला २०१८ मधे मतं डेमोक्रॅट्सना जास्त आणि ९९ पैकी ६३ जागा रिपब्लिकनांना! आयोवासारखं करा, तिथे सरकारी कर्मचारी नकाशा काढतात आणि कुठला आमदार कुठे राहतो हे बघायचीच बंदी.

स्नेहल_डब्लिन: काका, आयोवाच्या काँग्रेसच्या चारही जागा २०२४ ला रिपब्लिकनांनीच नेल्या की :) आणि मॅसॅच्युसेट्सच्या नऊच्या नऊ डेमोक्रॅट्सनी, ट्रम्पना तिथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त मतं असून, कारण ती राज्यभर विखुरलेली. एका जागेला एकच जिंकणार म्हटल्यावर रेघ कितीही सरळ मारा. आमच्याकडे आयर्लंडमधे एका मतदारसंघातून ३ ते ५ जण, पसंती १, २, ३ अशी लिहायची. चावटपणा इथेही झालाय हं, टली नावाच्या मंत्र्यानं डब्लिनमधे तीन-तीनचे मतदारसंघ पाडले, सत्तेतल्या आघाडीला तिनात दोन मिळतील या हिशोबानं, आणि १९७७ ला हवा फिरली तर सगळं विरोधकांच्या पथ्यावर पडलं. नंतर ते काम आयोगाकडे गेलं.

पेठेतला: चारचा प्रभाग आमच्या पुण्यातही आहे, काय दिवे लागले?

स्नेहल_डब्लिन: अहो तिथे अ ब क ड या चार वेगळ्या निवडणुका, माणशी चार मतं, जोर असलेला पक्ष चारही नेतो. इथे मत एकच, ते पसंतीप्रमाणे पुढे सरकतं.

ह्यूस्टनकर: मग अमेरिकेत हे का नाही?

खवचट_काका: १९६७ चा कायदा आहे, काँग्रेसला एका मतदारसंघातून एकच. घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा बदलला तरी चालेल, बदलणार मात्र त्याच नकाशांवर निवडून आलेले.

ह्यूस्टनकर: बरं. मला मतच नाही म्हणा अजून, एच-वन वर आहे, बायको सिटिझन आहे तिला हा धागा पाठवतो.